वजनदार ताऱ्यांचा जन्म : रेडिओ दुर्बिणीच्या नजरेतून

मे महिन्याच्या निरभ्र रात्री, मध्यरात्र उलटल्यानंतर, शेगावसारख्या विदर्भातील गावाच्या दिव्यांपासून थोडे दूर जाऊन दक्षिणेकडे पाहिल्यास वृश्चिक आणि धनू या राशींमधून गेलेला आकाशगंगेचा फिकट पट्टा दिसतो. आपल्या आकाशगंगेचे केंद्र याच दिशेला, सुमारे 26 हजार प्रकाशवर्षे अंतरावर आहे. शेगावच्या अक्षांशावरून ते दक्षिण क्षितिजापासून सुमारे 40 अंश उंचीवर येते. या पट्ट्यात मधूनमधून काळे डाग दिसतात. तेथे तारे नाहीत असे वाटते. प्रत्यक्षात तेथे धूळ व वायू यांचे दाट ढग आहेत आणि त्यांच्या मागचा प्रकाश अडला गेलेला आहे. आकाशगंगेतील सर्वांत वजनदार तारे याच ढगांच्या गर्भात जन्म घेतात. डोळ्यांना न दिसणारा हा जन्म रेडिओ लहरींच्या साहाय्याने पाहता येतो आणि त्यासाठीची जगातील एक महत्त्वाची दुर्बीण महाराष्ट्रातच, पुणे जिल्ह्यातील खोडद येथे आहे.

वजनदार तारा कोणाला म्हणावे?

सूर्याच्या साधारण आठ पटींहून अधिक वस्तुमान असलेल्या ताऱ्यांना खगोलशास्त्रात वजनदार तारे म्हणतात. वृश्चिकेतील तांबडी ज्येष्ठा हा अशा ताऱ्याचा ओळखीचा नमुना असून ती आता आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात आहे. वजनदार तारे संख्येने अत्यल्प असतात. परंतु त्यांचा प्रभाव मात्र संख्येच्या मानाने फार मोठा असतो. सूर्याचे एकूण आयुष्य सुमारे एक हजार कोटी वर्षांचे मानले जाते, तर सूर्याच्या वीस पट वस्तुमानाचा तारा आपले इंधन सुमारे एक कोटी वर्षांतच संपवतो. शेवटी त्याचा स्फोट होतो आणि त्याच्या गर्भात तयार झालेली मूलद्रव्ये अवकाशात विखुरली जातात. आपण श्वासावाटे घेतो त्या प्राणवायूचे बहुतेक अणू अशाच ताऱ्यांच्या पोटात घडले आहेत. तेव्हा हे तारे कसे जन्मतात, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांच्या कुतूहलाचा नाही.

निरीक्षणातील अडचण

या प्रश्नाचे उत्तर मिळवणे अवघड आहे. सूर्यासारखा तारा भोवतालचा वायू गोळा करण्याचे काम जवळजवळ आटोपल्यावर हायड्रोजन जाळू लागतो. वजनदार ताऱ्याच्या बाबतीत मात्र हा क्रम राहत नाही. त्याच्या केंद्रातील भट्टी पेटते तेव्हाही बाहेरून वायू येतच असतो. परिणामी ताऱ्याचे बाल्य धुळीच्या जाड आवरणातच सरते. त्यातच असे तारे दुर्मीळ असल्याने ते आपल्यापासून बहुधा हजारो प्रकाशवर्षे दूर असतात. वजनदार ताऱ्यांची सर्वांत जवळची मोठी जन्मभूमी म्हणजे मृग नक्षत्रातील त्रिकांडाच्या खाली दिसणारा तेजोमेघ. तोही सुमारे 1,350 प्रकाशवर्षे दूर आहे.

धुळीचे कण सर्वसाधारणपणे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी त्यांच्या आकाराच्या जवळपास असल्याने तो प्रकाश अडतो व विखुरतो. रेडिओ लहरींची लांबी काही मिलिमीटरपासून काही मीटरपर्यंत असते. एवढ्या लांब लहरींच्या दृष्टीने हे कण जणू नसतातच. त्यामुळे ढगाच्या गाभ्यातून निघालेल्या रेडिओ लहरी पृथ्वीपर्यंत जवळजवळ विनाअडथळा पोहोचतात.

या लहरी निर्माण कशा होतात?

नवजात वजनदार ताऱ्याचा पृष्ठभाग अतिशय तप्त असतो आणि तो मोठ्या प्रमाणावर अतिनील किरणे बाहेर टाकतो. या किरणांमुळे भोवतालच्या हायड्रोजन अणूंमधील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि ताऱ्याभोवती आयनीभूत वायूचा सुमारे दहा हजार अंश तापमानाचा बुडबुडा तयार होतो. मोकळा इलेक्ट्रॉन प्रोटॉनजवळून जाताना आपली वाट बदलतो आणि त्या वळणावर थोडी ऊर्जा रेडिओ लहरींच्या रूपाने सोडतो. या प्रारणाची तीव्रता मोजली आणि अंतर ठाऊक असले, की तारा दर सेकंदाला किती अतिनील किरणे सोडत असेल याचा हिशेब मांडता येतो. त्यावरून, तारा प्रत्यक्ष दिसला नाही तरी, त्याचे वस्तुमान ठरवता येते.

दुसरी खूण म्हणजे मेसर. लेसरमध्ये प्रकाश वर्धित होतो, त्याचप्रमाणे ढगातील काही रेणू विशिष्ट वारंवारतेच्या रेडिओ लहरी वर्धित करतात. 1965 मध्ये हायड्रॉक्सिल रेणूचे आणि 1969 मध्ये पाण्याच्या वाफेचे असे मेसर आढळले. जर्मन खगोलशास्त्रज्ञ कार्ल मेंटेन यांनी 1991 मध्ये 6.7 गिगाहर्ट्झ वारंवारतेचा मिथेनॉलचा तेजस्वी मेसर शोधला. तो केवळ वजनदार ताऱ्यांच्या जन्मस्थानीच आढळतो, असे पुढील निरीक्षणांतून दिसून आले. म्हणून हा मेसर दिसला, की तेथे वजनदार तारा घडत आहे असे मानले जाते.

खोडदची दुर्बीण

पुण्याच्या उत्तरेस सुमारे 80 किलोमीटरवर, नारायणगावजवळील खोडद येथे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप अर्थात जीएमआरटी ही दुर्बीण उभी आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रामार्फत ती चालवली जाते. डॉ. गोविंद स्वरूप (1929-2020) हे तिचे शिल्पकार. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या एकूण 30 अँटेना येथे आहेत. त्यांपैकी 14 अँटेना सुमारे एक किलोमीटरच्या चौकात असून उरलेल्या 16 इंग्रजी वाय अक्षराच्या आकारातील तीन शाखांवर पसरल्या आहेत. दोन टोकांमधील कमाल अंतर सुमारे 25 किलोमीटर भरते. पोलादी दोरांवर ताणलेली तारेची जाळी वापरून स्वरूप यांनी अँटेनांचे वजन आणि खर्च दोन्ही आटोक्यात आणले. ऑक्टोबर 2001 मध्ये ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण करण्यात आली आणि पुढे जगभरातील संशोधकांना ती खुली झाली. 2019 मध्ये तिच्या सुधारित रूपाचे उद्घाटन झाले.

या मांडणीचा तारकानिर्मितीच्या अभ्यासाला दुहेरी लाभ होतो. दूरदूरच्या अँटेनांच्या जोड्यांमुळे बारीक तपशील उमटतो. 21 सेंटीमीटर तरंगलांबीवर सुमारे दोन विकला इतका. दुसरीकडे मधल्या चौकातील जवळजवळच्या अँटेना ताऱ्याभोवतीचा पसरट, मंद वायू टिपतात. शिवाय खोडदहून आकाशगंगेचे केंद्र सुमारे 42 अंश उंच येते. जर्मनीतील एफेल्सबर्ग येथील 100 मीटर व्यासाच्या प्रसिद्ध दुर्बिणीवरून ते जेमतेम दहा अंश वर येते. दक्षिणेकडील अनेक तारकाजन्मस्थाने त्यामुळे खोडदहून सुलभपणे न्याहाळता येतात.

कमी वारंवारतेचे वेगळेपण

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात 27 अँटेनांची व्हेरी लार्ज अॅरे ही दुर्बीण आहे. तारकाजन्माच्या अभ्यासात ती प्रामुख्याने काही गिगाहर्ट्झ वा त्याहून अधिक वारंवारतेवर वापरली जाते. वुड आणि चर्चवेल या संशोधकांनी तिच्याच साहाय्याने केलेले, 1989 मध्ये प्रसिद्ध झालेले सर्वेक्षण या क्षेत्रातील मैलाचा दगड ठरले. व्यास प्रकाशवर्षाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असलेले आयनीभूत वायूचे अतिशय लहान व दाट बुडबुडे त्यांनी नोंदवले. येथेच एक कोडे उभे राहिले. दहा हजार अंशांचा वायू सेकंदाला सुमारे दहा किलोमीटर वेगाने फुगतो. त्या हिशेबाने हे बुडबुडे सुमारे दहा हजार वर्षांतच मोठे व्हायला हवेत आणि कोणत्याही क्षणी फारच थोडे दिसायला हवेत. प्रत्यक्षात ते कितीतरी अधिक आढळले. बाहेरून सतत येणारा वायू त्यांना दाबून धरत असावा, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. चर्चा मात्र संपलेली नाही.

या चर्चेत जीएमआरटीचे काम निराळे आहे. कमी वारंवारतेवर अतिदाट वायू स्वतःच अपारदर्शक होतो आणि मंद दिसतो. त्याउलट भोवतालचा विरळ, विस्तीर्ण वायू उठून दिसतो. एकाच प्रदेशाचे दोन्ही वारंवारतांवरील चित्र शेजारी ठेवले, की सर्वांत तरुण तारा कोठे आहे आणि आधीच्या ताऱ्यांनी ढग किती पोखरला आहे, हे दोन्ही कळते. 2004 मध्ये देवेंद्र ओझा आणि सहकाऱ्यांनी एस 201 या प्रदेशाचा अभ्यास करताना जीएमआरटीची 610 व 1280 मेगाहर्ट्झवरील निरीक्षणे आणि अवरक्त किरणांतील निरीक्षणे यांची सांगड घातली. टाटा संस्थेची एक मीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण हैदराबादहून बलूनमधून आकाशात सोडली जात असे. धुळीची ऊब बलूनवरील दुर्बिणीने आणि आयनीभूत वायू खोडदने मोजायचा, अशी पद्धत त्या काळात अनेक प्रदेशांसाठी अवलंबली गेली.

2018 मध्ये प्रसिद्ध झालेला सरिता विग आणि सहकाऱ्यांचा अभ्यासही उल्लेखनीय आहे. धनू राशीतील एचएच 80-81 या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी एका वजनदार बालताऱ्यातून वायूचे लांबलचक फवारे बाहेर पडत आहेत. या फवाऱ्यांतील प्रारण केवळ उष्णतेमुळे निर्माण झालेले नसून चुंबकीय क्षेत्रात प्रचंड वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचेही आहे, असे 2010 मध्ये दाखवून देण्यात आले होते. असे प्रारण कमी वारंवारतेवर अधिक प्रखर होत जाते. त्यामुळे या फवाऱ्याच्या तपासणीस खोडदची दुर्बीण विशेष उपयुक्त ठरली. लहान तारे भोवतालच्या तबकडीतून वायू ओढतात आणि ध्रुवांकडून फवारे सोडतात. वजनदार तारेही याच रीतीने घडतात, या मताला अशा निरीक्षणांमुळे बळ मिळते.

आता संपूर्ण आकाशगंगेच्या प्रतलाची पद्धतशीर पाहणी करण्याकडे कल आहे. ग्लोस्टार या प्रकल्पात व्हेरी लार्ज अॅरे आणि एफेल्सबर्ग या दोन्ही दुर्बिणींनी 4 ते 8 गिगाहर्ट्झ या पट्ट्यात निरीक्षणे केली असून त्याचे निष्कर्ष 2021 पासून प्रसिद्ध होत आहेत. त्याला पूरक म्हणून सुधारित जीएमआरटीने 300 ते 750 मेगाहर्ट्झमध्ये चालवलेल्या सर्वेक्षणाचे पहिले निष्कर्ष 2023 मध्ये पुढे आले.

शांततेची किंमत

ही निरीक्षणे एका नाजूक गोष्टीवर अवलंबून आहेत आणि ती म्हणजे रेडिओ शांतता. चंद्रावर एखादा साधा मोबाइल चालू करून ठेवला, तर त्याचा संकेत आकाशगंगेतील बहुतेक बालताऱ्यांच्या संकेतांहून शेकडो पटींनी प्रखर भरेल. मग खोडदच्या परिसरातील मोबाइल मनोरे, ठिणग्या टाकणाऱ्या वीजवाहिन्या यांचा उपद्रव केवढा असेल, याची कल्पना येते. डोंगरांच्या आडोशाची ही जागा त्या गोंगाटापासून बचाव व्हावा म्हणूनच निवडण्यात आली होती.

हा प्रश्न केवळ संशोधकांचा राहिलेला नाही. पुणे-नाशिक या प्रस्तावित लोहमार्गाचा मूळ मार्ग नारायणगाव परिसरातून जात होता. विद्युत रेल्वेमुळे दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येईल, असा आक्षेप घेण्यात आला आणि मार्ग बदलण्याचा विचार पुढे आला. जुन्नर, खेड व संगमनेर भागातील लोकांनी मात्र रेल्वे मूळ मार्गानेच व्हावी अशी मागणी लावून धरली. शेतमाल बाजारात लवकर पोहोचावा, मुलांना शिक्षणासाठी शहराशी जोडले जावे, ही अपेक्षा गैर म्हणता येणार नाही. तशीच, एकदा गमावलेली रेडिओ शांतता पुन्हा मिळवता येत नाही, ही संशोधकांची भीतीही खोटी नाही.

अशा वादात निर्णय घेताना दुर्बीण नेमके काय करते हे लोकांना ठाऊक असणे आवश्यक आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, 28 फेब्रुवारीच्या आसपास, खोडद येथे भरणाऱ्या विज्ञान प्रदर्शनाला शाळकरी मुलांची आणि ग्रामस्थांची गर्दी होते. विदर्भ-मराठवाड्यातील शाळांनीही या सहलीचा विचार करावा. आकाशातील काळ्या डागांच्या आड काय घडत आहे हे सांगणारी यंत्रणा आपल्याच राज्यात आहे. ती टिकवायची असेल, तर तिच्याभोवतीच्या गावांच्या गरजा आणि तिची शांतता या दोन्हींचा मेळ नियोजनाच्या पहिल्या टप्प्यातच घालावा लागेल.