झेडपीच्या शाळेतून अकरावी सायन्सला जाताना नेमकं अडतं कुठे?

भोकर तालुक्यातल्या जिल्हा परिषद हायस्कूलमधून दहावी झालेल्या मुलांच्या घरी निकालानंतर एकच चर्चा असते. अकरावी सायन्स भोकरलाच करायची, की नांदेड-लातूरला जायचं? पण गाव बदललं तरी एक अडचण सोबत येतेच. दहावीचे मार्क चांगले असले, तरी कॉलेजची तयारी झालेली असतेच असं नाही.

शाळेतून काय मिळतं?

पुस्तकं बालभारतीची आणि परीक्षा लातूर विभागीय मंडळाची. राज्य मंडळाच्या खासगी शाळेतल्या मुलांनाही हाच अभ्यासक्रम असतो. म्हणजे पाया तोच. फरक पडतो तो पुढे.

अकरावीत काय बदलतं?

१) भाषा : मराठी माध्यमात शिकलेलं 'गुरुत्वाकर्षण' अकरावीत 'ग्रॅव्हिटेशन' होतं, 'अपवर्तन' 'रिफ्रॅक्शन' होतं. सायन्सचं शिकवणं मुख्यतः इंग्रजीतून असतं. विषय माहीत असूनही शब्द ओळखीचे नसतात, त्यामुळे पहिले काही महिने मूल गप्प बसतं.

२) परीक्षा : दहावीच्या विज्ञानात ८० गुण लेखी आणि २० गुण प्रात्यक्षिकाचे असतात. पास व्हायला ३५ टक्के पुरतात. 'नीट'मध्ये १८० प्रश्न, ७२० गुण आणि प्रत्येक चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. पाठांतर इथे कमी पडतं.

'नीट' मराठीतून देता येते ना?

हो, देता येते. पण वर्गातलं शिकवणं आणि बहुतेक सराव पुस्तकं इंग्रजीत असतात. म्हणून कोणत्या भाषेतून परीक्षा द्यायची, हे अकरावीच्या सुरुवातीलाच ठरवलेलं बरं.

आधीपासून काय करता येईल?

- आठवीत एनएमएमएस परीक्षा द्या. ती सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख रुपये. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. शिवाय पर्यायी प्रश्न सोडवायची सवय लागते.
- शाळेत सेमी-इंग्रजीची सोय असेल तर गणित आणि विज्ञान इंग्रजीतून घेण्याचा विचार करा.
- सोय नसेल तर बालभारतीच्या वेबसाइटवर इंग्रजी माध्यमाची पुस्तकं मोफत आहेत. दहावीनंतरच्या सुट्टीत विज्ञानाचे तेच धडे इंग्रजीतून वाचून काढा.

प्रवेशाचं काय?

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत, भोकरचेही. एका अर्जात दहापर्यंत पसंतीक्रम देता येतात. क्लासची जाहिरात पाहून यादी भरू नका. रोजचा प्रवास, खोलीचं भाडं आणि कॉलेजात प्रत्यक्ष तास होतात का, हे आधी विचारून घ्या.

झेडपीत शिकलेलं मूल मागे पडतं ते हुशारी कमी म्हणून नाही. भाषा आणि परीक्षा एकाच वेळी बदलतात आणि त्याची कल्पना त्याला कुणी आधी दिलेली नसते. ती आठवी-नववीतच दिली, तर बरंच ओझं हलकं होतं.