सोनोग्राफीचा प्रोब निर्जंतुक कसा करतात?

सोनोग्राफी करताना डॉक्टर हातात धरून शरीरावर फिरवतात, ते उपकरण म्हणजे प्रोब. एकच प्रोब दिवसभरात अनेक रुग्णांसाठी वापरला जातो, त्यामुळे त्याच्या स्वच्छतेबद्दल शंका येणे रास्तच आहे.

पोटावरून तपासणी असेल तर प्रोब फक्त त्वचेला लागतो. अशा वेळी जेल पुसून जंतुनाशकाने प्रोब पुसणे सहसा पुरते. त्वचेवर जखम किंवा पुरळ असेल तर मात्र आधी सांगा.

योनीमार्गातून किंवा गुदद्वारातून केलेल्या सोनोग्राफीत प्रोब आतल्या नाजूक, ओलसर त्वचेजवळ जातो. त्यावर कंडोम किंवा कव्हर चढवतात. पण कव्हरला न दिसणारे छिद्र असू शकते, ते काढताना स्राव दांड्याला लागू शकतो. म्हणून कव्हर वापरले तरी प्रत्येक रुग्णानंतर उच्च पातळीचे निर्जंतुकीकरण हवेच. 'कव्हर होते ना' हे उत्तर पुरेसे नाही.

उष्णतेने प्रोब खराब होतो, त्यामुळे तो उकळता येत नाही. आधी जेल पूर्ण धुऊन काढतात, कारण त्याचा थर राहिला तर जंतुनाशक खालपर्यंत पोहोचत नाही. मग 2% ग्लुटराल्डिहाइडसारख्या द्रावणात लेबलवर दिलेली मिनिटे बुडवून ठेवतात. नंतर भरपूर पाण्याने धुतात, नाहीतर उरलेल्या रसायनाने जळजळ होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी संबंधित एचपीव्ही विषाणू मात्र या द्रावणाला दाद देत नाही, असे 2014 मधील प्रयोगशाळेतील अभ्यासात दिसले. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा अतिनील किरणांची यंत्रे त्यावर अधिक प्रभावी आहेत. ती महाग असतात.

धोका कमी असला तरी काल्पनिक नाही. अन्ननलिकेतून हृदयाची सोनोग्राफी करण्याचा प्रोब नीट निर्जंतुक न झाल्याशी एका रुग्णाच्या हिपॅटायटिस बीने झालेल्या मृत्यूचा संबंध असू शकतो, असा इशारा ब्रिटनच्या औषध-उपकरण नियामक संस्थेने 2012 मध्ये दिला होता.

जेलमधूनही संसर्ग होऊ शकतो. सुई घालून तपासणी करताना निर्जंतुक, एकदाच वापरायचे पाकीट हवे. पुन्हा पुन्हा भरलेली बाटली नको.

'प्रोब निर्जंतुक केला आहे ना? कव्हर नवीन आहे ना?' हे तपासणीपूर्वी विचारायला संकोच करू नका. लॅटेक्सची ॲलर्जी असल्यास तेव्हाच सांगा. आतून तपासणी झाल्यानंतर ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा ओटीपोटात वाढती वेदना जाणवल्यास डॉक्टरांना दाखवा.