न जिंकता येणारी शर्यत : वणव्याचे गणित आणि इतिहासाचा पुरावा

१/ ५ ऑगस्ट १९४९. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील मॅन गल्च या दरीत वणवा विझवायला गेलेले १३ जण मृत्युमुखी पडले. त्या संध्याकाळी नेमके काय घडले, याची साक्ष पुढे एका समीकरणाने दिली. त्या साक्षीविषयी हा थ्रेड.

२/ विमानातून पॅराशूटने उतरून आग विझवणाऱ्यांना ‘स्मोकजम्पर’ म्हणतात. त्या दिवशी असे १५ जण उतरले. एक वनरक्षक त्यांना दरीतच येऊन मिळाला. आग पलीकडच्या उतारावर होती, म्हणून ते मिसुरी नदीच्या दिशेने निघाले. तेवढ्यात आगीने दरी ओलांडली आणि त्यांची वाट अडवली.

३/ सारे माघारी वळून चढ चढू लागले. तुकडीप्रमुख वॅग डॉज यांनी मात्र समोरचे वाळके गवत स्वतःच पेटवले व त्या राखेत ते पालथे पडले. त्यांनी इतरांनाही बोलावले. कोणी थांबले नाही. डॉज वाचले. आणखी दोघे माथ्यावरच्या खडकातील फटीतून निसटले. एका मृताच्या घड्याळाचे काटे ५ वाजून ५६ मिनिटांपाशी थिजले होते.

४/ डॉज यांनी लावलेल्या आगीनेच आमची मुले गेली, असा आरोप काही पालकांनी केला. १९५५ मध्ये डॉज निवर्तले. वाद मागे उरला.

५/ मोंटानातच मिसूला येथे १९६० मध्ये वणव्यांच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभी राहिली. तेथे वातबोगद्यात आग पेटवून तिचा वेग मोजला जाई. या कामातून रिचर्ड रॉदरमेल या अभियंत्याने १९७२ मध्ये आगीच्या प्रसाराचे गणिती प्रारूप मांडले.

६/ त्याचे सूत्र असे : ज्वाळांकडून पुढच्या गवताला मिळणारी उष्णता, भागिले ते गवत पेटण्यास लागणारी उष्णता. ओलावा वाढला की वेग घटतो. वारा किंवा चढ असला की ज्वाळा पुढच्या गवताच्या जवळ येतात आणि वेग वाढतो.

७/ १९८० च्या दशकात ‘बिहेव’ या प्रणालीने ही समीकरणे संगणकावर आणली. १९९० च्या दशकातील ‘फारसाइट’ने आगीची सरकती सीमा नकाशावर दाखवली. त्यासाठी तिने ह्युजेन्स यांचे प्रकाशलहरींविषयीचे १७ व्या शतकातील तत्त्व वापरले : सीमेवरचा प्रत्येक बिंदू जणू नव्या आगीचा उगम.

८/ १९९३ मध्ये रॉदरमेल मॅन गल्चकडे वळले. वाचलेल्यांच्या जबान्या, हवामान, गवत आणि उतार यांची सांगड घालून त्यांनी माणसे व आग यांची स्थाने वेळेनुसार मांडली. चढावर आगीचा वेग वाढतो, माणसाचा मात्र घटतो. अहवालाच्या शीर्षकातच त्यांनी निष्कर्ष नोंदवला : ही शर्यत जिंकता येण्याजोगी नव्हती.

९/ या साक्षीला मर्यादा आहेत. दरीतला वारा त्या वेळी कोणी मोजला नव्हता. तो अनुमानानेच धरावा लागला. दोष कोणाचा, हेही समीकरण सांगत नाही. परंतु ४४ वर्षे एका माणसाच्या काडीपाशी अडलेला प्रश्न त्याने गवत, वारा आणि उतार यांच्यापर्यंत नेला. इतिहासाच्या अभ्यासकाने अशा गणिताकडे जबानीइतक्याच आदराने पाहावे आणि त्याची उलटतपासणीही तितक्याच कठोरपणे घ्यावी.