नावांच्या वाटा

एकादशीला ज्या घरात कांदा-लसूण वर्ज्य, त्याच घरात बटाट्याचा कीस मात्र बिनदिक्कत चालतो. वाचकहो, हा बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. १२९० साली ज्ञानेश्वरी सिद्ध झाली तेव्हा महाराष्ट्रात बटाटा नव्हता, मिरचीही नव्हती. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेले, आणि पुढे त्यांच्या गलबतांतून या वस्तू आपल्याकडे आल्या.

वस्तू आली खरी, पण तिला म्हणायचे काय? भाषांनी हा प्रश्न तीन तऱ्हांनी सोडवलेला दिसतो.

पहिली तऱ्हा म्हणजे पाहुण्याचे नाव तेच ठेवायचे. ‘बताता’ हा कॅरिबियन बेटांवरचा शब्द, तोही रताळ्याचा. पोर्तुगीजांबरोबर तो पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि मराठी, कोंकणी, गुजराती माणूस बटाटा म्हणू लागला. अननस आणि काजू ही नावेही अशीच, दक्षिण अमेरिकेतल्या आदिवासींची.

दुसरी तऱ्हा, घरातले जुने नाव द्यायचे. उत्तरेने कंदाचा जुना ‘आलू’ हा शब्द बटाट्याला दिला. पेरूला हिंदीत अमरूद म्हणतात. फारसीत अमरूद म्हणजे नासपती. बंगालीतला ‘पेयारा’ पोर्तुगीज ‘पेरा’वरून आला, त्याचाही अर्थ नासपतीच! आपली मिरची तर मिऱ्याची लेक. तिखटपणा ओळखीचा वाटला, नावही घरचेच मिळाले.

तिसरी तऱ्हा, दिसले तसे सांगायचे. फ्रेंच लोक बटाट्याला ‘जमिनीतले सफरचंद’ म्हणतात.

बरे, ही देवघेव एकतर्फी नाही. संस्कृतातला नारंग फारसीतून अरबीत जाऊन नारंज झाला, स्पेनमध्ये नारांहा झाला. इंग्रजीपर्यंत पोहोचताना आरंभीचा ‘न’ गळाला आणि ऑरेंज उरले. पुढे गोड जातीची संत्री पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी पसरवली, म्हणून अरब त्यांना ‘बुर्तुकाल’ म्हणतात. फळ पूर्वेचे, नाव पोर्तुगालचे! आणि केरळातला ‘माङ्ङा’ मँगो होऊन जगभर हिंडला.

तेव्हा परके शब्द भाषेतून हाकलायला निघालेल्यांनी आधी आपल्या स्वयंपाकघरात डोकवावे. जो शब्द उपवासाच्या ताटापर्यंत येऊन बसला, त्याला आता पाहुणा कोण म्हणेल?