दंतक्षय-प्रतिबंधक व्हार्निश : एका उपायाची पूर्वपीठिका

फ्ल्युओराइडयुक्त व्हार्निशचा इतिहास सामान्यतः १९६४ पासून सांगितला जातो. त्या वर्षी श्मिट या जर्मन संशोधकाने असे व्हार्निश प्रथम पुढे मांडले. तथापि ज्या प्रश्नाचे ते उत्तर होते, तो प्रश्न त्याहून सहा दशकांनी जुना आहे. आणि त्याचा उगम एका विकृतीत आहे.

१९०१ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे आलेल्या फ्रेडरिक मॅके या दंतवैद्यास तेथील रहिवाशांच्या दातांवर तपकिरी डाग आढळले. पुढे जी. व्ही. ब्लॅक यांच्यासह केलेल्या अभ्यासात हे डागाळलेले दात किडीस सहसा बळी पडत नाहीत, असे दिसून आले. याचे कारण पाण्यातील फ्ल्युओराइड होय, हे १९३१ मध्ये रसायनज्ञ एच. व्ही. चर्चिल यांनी उघड केले. ट्रेंडली डीन यांनी दशलक्ष भागांत सुमारे १ भाग हे उपकारक प्रमाण ठरविले, आणि १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात फ्ल्युओराइड मिसळण्यास आरंभ झाला.

दात घडत असतानाच फ्ल्युओराइड एनॅमलमध्ये सामावले पाहिजे, हे या योजनेमागील गृहीत होते. उगवलेल्या दातांवर द्रावण लावण्याचे प्रयोगही त्याच दशकात झाले. परंतु द्रावण लाळेबरोबर लवकर धुऊन जाई. व्हार्निशने नेमकी हीच अडचण दूर केली. राळेच्या लेपातील ५ टक्के सोडियम फ्ल्युओराइड ओलसर दातासही चिकटून कित्येक तास टिकते. दातावर साचलेले कॅल्शियम फ्ल्युओराइड पुढे आम्लाच्या संपर्काने विरघळते, आणि झिजलेल्या एनॅमलात खनिजे पुन्हा बसण्यास साहाय्य करते. फ्ल्युओराइडचे मुख्य कार्य दाताच्या पृष्ठभागीच घडते, हा सिद्धांत मात्र १९८० नंतरच सर्वमान्य होत गेला. येथे व्यवहार पुढे होता व उपपत्ती मागाहून आली.

मान्यतेचा मार्गही सरळ नव्हता. युरोपात रूढ झालेल्या या व्हार्निशला अमेरिकेत १९९४ मध्ये परवानगी मिळाली, तीही दातांच्या संवेदनशीलतेवरील उपचारासाठी, दंतक्षय-प्रतिबंधासाठी नव्हे. २०१३ च्या कॉक्रेन समीक्षेने कायमच्या दातांतील किडीत सरासरी ४३ टक्के व दुधाच्या दातांतील किडीत ३७ टक्के घट नोंदविली.

भारतात हेच द्रव्य प्रथम विकाराचे कारण म्हणून परिचित झाले. १९३७ मध्ये नेल्लोर जिल्ह्यात अस्थींचा फ्ल्युओरोसिस नोंदविला गेला. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलातही फ्ल्युओराइडचे आधिक्य आढळले आहे. अशा ठिकाणी पाण्यातील फ्ल्युओराइड कमी करणे हेच प्रथम कर्तव्य ठरते. कोलोरॅडोतील डाग आणि नेल्लोरमधील व्याधी ही एकाच द्रव्याच्या अतिरेकाची फळे होत. व्हार्निशचे महत्त्व यामुळेच अधिक स्पष्ट होते : त्याने फ्ल्युओराइडचा उपयोग सर्वांच्या पिण्याच्या पाण्यापासून वेगळा करून एकेका दातापुरता मर्यादित केला.