डोंगर टोर्नेडोला अडवतो का? शास्त्रज्ञ ड्रोन उडवून हे कसं शोधतात?

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात टोपेका नावाचं शहर आहे. शहराच्या नैर्ऋत्येला बर्नेट्स माउंड ही टेकडी. ही टेकडी आहे तोवर शहराला टोर्नेडोची भीती नाही, असं तिथे वर्षानुवर्षं मानलं जायचं. ८ जून १९६६ च्या संध्याकाळी टोर्नेडो आला तो नेमका याच टेकडीवरून, आणि शहर उद्ध्वस्त करत आरपार गेला.

टोर्नेडो म्हणजे आपल्याकडे समुद्रावरून येणारं चक्रीवादळ नव्हे. चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरतं. टोर्नेडो हा गडगडाटी ढगातून जमिनीपर्यंत उतरलेला, गरगर फिरणारा हवेचा खांब असतो. बहुतेक टोर्नेडो काही मिनिटांतच विरून जातात.

वेग कसा ठरवतात?

टोर्नेडोच्या पोटात वारा मोजणं फार अवघड. म्हणून काय पडलं, किती मोडलं हे पाहून वेगाचा अंदाज करतात. टेट्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये यासाठी मोजपट्टी दिली. तिची सुधारित आवृत्ती अमेरिकेत २००७ पासून वापरली जाते. तिच्यात ० ते ५ अशा श्रेणी आहेत.

अडचण येते ती डोंगराळ भागात. तिथे घरं कमी, रस्ते झाडं पडून बंद. पाहणी करणारे पोहोचणार कसे? फुजिता स्वतः विमानातून फोटो घ्यायचे. २१ जुलै १९८७ रोजी वायोमिंगमधल्या टेटन-यलोस्टोन भागात टोर्नेडोने लाखो झाडं आडवी केली. हा टोर्नेडो तीन हजार मीटरहून उंच डोंगर ओलांडून गेल्याचं त्यांनी पडलेल्या झाडांवरून दाखवलं.

ड्रोनने काय बदललं?

विमानाचं काम आता ड्रोन कमी खर्चात आणि जास्त बारकाईने करतो. शेत नांगरावं तसा तो समांतर रेषांत फिरतो आणि एकमेकांवर थोडे चढणारे शेकडो फोटो घेतो. ते जोडून संगणकावर एकसंध नकाशा आणि जमिनीच्या चढउताराचं त्रिमितीय चित्र तयार होतं. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रात एक ठिपका किमान १० मीटरचा असतो. ड्रोनच्या चित्रात तो काही सेंटिमीटरचा, म्हणजे एकेक झाड कुठल्या दिशेला पडलं ते कळतं.

काही ड्रोनवर डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण टिपणारा कॅमेरा असतो. निरोगी पानं हे किरण भरपूर परावर्तित करतात, मार बसलेली पानं कमी. त्यामुळे वरवर हिरव्या दिसणाऱ्या गवतातही टोर्नेडोची वाट उमटते. अमेरिकेच्या राष्ट्रीय तीव्र वादळ प्रयोगशाळेतले आणि ओक्लाहोमा विद्यापीठातले संशोधक असे कॅमेरे वापरतात.

मग डोंगराचा परिणाम होतो का?

नुकसानीचा नकाशा उंचीच्या नकाशावर ठेवला की प्रश्न नेमके विचारता येतात. चढावर पट्टा रुंद झाला की अरुंद? दरीत झाडांची दिशा वळली का? माथ्यावर जास्त पडझड झाली का? उत्तरं प्रत्येक ठिकाणी सारखी मिळत नाहीत. कुठे दरी वाऱ्याला वाट करून देते, तर कुठे उंचसखलपणाने भोवऱ्याचा आकारच बदलतो. शिवाय उतारावर माती पातळ असेल, तर झाड कमी वाऱ्यातही उन्मळतं. म्हणून मातीची खोली आणि झाडाची जातही तपासावी लागते.

ड्रोनलाही मर्यादा आहेत. बॅटरी लवकर संपते, आणि अमेरिकेत तो साधारणपणे चालवणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यातच उडवावा लागतो. पडझड साफ व्हायच्या आत पोहोचण्याची घाईही असतेच.

पण या नकाशांवर बरंच अवलंबून आहे. घरं कुठे आणि किती मजबूत बांधायची, हे ठरवायला त्यांचा उपयोग होतो. टेकडीच्या भरवशावर राहू नये, हे मात्र टोपेकाने १९६६ मध्येच दाखवून दिलं. टोर्नेडोचा इशारा मिळाला की डोंगराकडे न बघता तळघर गाठायचं, तळघर नसेल तर तळमजल्यावरची आतली, बिनखिडकीची खोली.