हौदा आधी, कारखाना मागाहून

अमेरिकेत फोर्ड कंपनीने 15 एप्रिल 1925 रोजी मॉडेल टी गाडीचा एक नवा प्रकार विक्रीला काढला. पुढे दोघांपुरती बैठक, मागे पोलादी हौदा. हौदा 56 इंच लांब, सुमारे 40 इंच रुंद, 13 इंच खोल. फाळका उघडमिटीचा, कडेला खुंट उभे करायला चार खोबणी, आणि ओझं पेलावं म्हणून मागचे पाटे जाड. इंजिन तेच जुनं, 20 अश्वशक्तीचं. किंमत 281 डॉलर. पिकअप ट्रकची जन्मतारीख म्हणून बहुतेक ठिकाणी हीच तारीख दिली जाते, आणि कारखान्याच्या दप्तरापुरती ती बरोबरही आहे. त्या वर्षी अशा जवळपास 34 हजार गाड्या खपल्या. पण खेड्यातल्या गिऱ्हाइकाला हे वाहन मुळीच नवं नव्हतं. शेजारच्या शेतकऱ्याने ते आपल्या अंगणात केव्हाच बनवलेलं होतं.

मॉडेल टी बाजारात आली 1908 मध्ये. तिच्या दोन आसनी रनअबाउट प्रकारात मागे सामानाची गोलसर डिकी असे आणि ती बोल्टांवर बसवलेली असे. बोल्ट सोडले की डिकी वेगळी, उघडी चेसी समोर. तिच्यावर फळ्यांची पेटी ठोकायला किती वेळ? अमेरिकन शेतकऱ्याच्या घरी करवत, पाना, हातोडा असायचाच. घोडागाडीची डागडुजी तो पिढ्यान् पिढ्या स्वतःच करत आला होता. रविवारी चर्चला नेणारी गाडी सोमवारी दुधाचे कॅन, खुराड्यातल्या कोंबड्या आणि खताची पोती वाहू लागली. कित्येकांनी मागचं चाक जॅकवर उचललं, त्याला पट्टा चढवला आणि त्याच इंजिनावर लाकूड कापायची करवत चालवली. वाहन विकत घेतल्यावर त्यात आपल्या गरजेची भर घालायची, हे या शेतकऱ्यांना इतकं स्वाभाविक होतं की त्याला वेगळं नाव द्यावं असंही कुणाला वाटलं नसेल.

घरोघरी चाललेल्या या कामात धंदा आहे हे आधी ओळखलं छोट्या कारखानदारांनी. ओहायो राज्यातल्या गॅलियन ऑलस्टील बॉडी कंपनीने 1913 मध्ये मॉडेल टीच्या चेसीवर माल वाहायचे हौदे बसवायला सुरुवात केली. शिकागोच्या स्मिथ फॉर्म-ए-ट्रकचा संच घेतला की साध्या गाडीची चेसी लांबवून तिचा एक टनी ट्रक करता येई. फोर्डने स्वतः या बाजारात पाऊल टाकलं ते 1917 मध्ये, मॉडेल टीटी ही एक टनाची चेसी 600 डॉलरला विकून. ही मात्र नुसती चेसी. केबिन आणि हौदा ज्याचा त्याने बघायचा. टीटीला कारखान्यातली बॉडी मिळाली 1924 मध्ये. शेव्हरोलेटचंही 1918 च्या हलक्या ट्रकांबाबत असंच होतं: पुढचा भाग कंपनीचा, बाकी गिऱ्हाइकाचा. 1930 मध्ये त्यांनी इंडियानापोलिसच्या मार्टिन-पॅरी कंपनीचा बॉडी बांधायचा कारखानाच विकत घेतला, तेव्हा कुठे पूर्ण पिकअप त्यांच्या दारातून बाहेर पडू लागला.

मराठी वाचकाला यात ओळखीचं बरंच सापडेल. 1947 मध्ये कुर्ल्याला प्रीमिअरच्या कारखान्यात डॉज ट्रकची जुळणी सुरू झाली, 1954 पासून टाटा-मर्सिडीज आले, आणि चेसी विकत घेऊन बॉडी बांधून घ्यायची हा रिवाज आपल्याकडेही पक्का झाला. हमरस्त्यालगत सुतार, वेल्डर आणि पेंटर एका आवारात बसून ट्रक उभा करत, अजूनही करतात. फरक इतकाच की आपल्याकडे हे काम कारागिरांच्या हाती राहिलं. अमेरिकेत ते मालकाच्या अंगणात सुरू झालं आणि तिथेच टिकलं.

ऑस्ट्रेलियातली कथा याला समांतर आहे आणि मला ती फार आवडते. 1932 मध्ये व्हिक्टोरिया प्रांतातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्डला पत्र लिहिलं: रविवारी चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजाराला नेता येतील अशी गाडी आम्हाला द्या. गीलाँगच्या कारखान्यातल्या लुईस बँट या तरुण अभिकल्पकाने त्यावरून जी गाडी आखली ती 1934 मध्ये ‘यूट’ म्हणून रस्त्यावर आली. बँट पुढे अशीच एक जुनी यूट दुरुस्त करून बाळगत असे. 1987 मध्ये ती चालवत असतानाच अपघातात त्याचा मृत्यू झाला. वाहन कसं हवं हे वापरणाऱ्याने सांगायचं आणि कारखान्याने ऐकायचं, ही पिकअपच्या घराण्याची रीत दोन्ही खंडांत सारखीच दिसते.

सजावटीची आणि वेगाची हौस या घराण्यात शिरली ती कॅलिफोर्नियात. 1932 मध्ये फोर्डने स्वस्त व्ही-8 इंजिन आणलं: आठ सिलिंडर, सगळा ब्लॉक एकसंध ओतलेला, 65 अश्वशक्ती. काही वर्षांत अपघाती गाड्यांतली ही इंजिनं भंगारात येऊ लागली आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांनी ती जुन्या मॉडेल टी आणि मॉडेल ए मध्ये बसवली. मडगार्ड काढायचे, बॉनेट काढायचं, वजन उतरवायचं आणि म्युरॉकच्या कोरड्या तळ्यावर गाडी सोडायची. 1937 मध्ये त्यांच्या क्लबांनी मिळून शर्यतींचे नियम ठरवणारी संघटना काढली. मग युद्ध आलं. 1942 मध्ये साध्या गिऱ्हाइकासाठी ट्रक बनणं थांबलं, आणि होता तो जुना ट्रक कसाबसा चालू ठेवणं हे घरोघरचं काम झालं. युद्धावरून परतलेल्या तरुणांनी लष्कराच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडली होती, वेल्डिंग केलं होतं. जानेवारी 1948 मध्ये ‘हॉट रॉड’ मासिकाचा पहिला अंक निघाला. त्याच महिन्यात फोर्डने एफ-1 पिकअप लोकांसमोर आणला.

आज घरच्या गॅरेजात सोडवून ठेवलेले दिसतात ते बहुधा याच काळातले ट्रक: शेव्हरोलेटचे 1947 च्या उन्हाळ्यापासून 1955 च्या सुरुवातीपर्यंतचे, आणि फोर्डचे 1948 नंतरचे. गोल मडगार्ड, रुंद केबिन, तिघांची बैठक. ते मुळात कामाला जुंपायला बनवले होते, म्हणून पत्रा जाड, यंत्र सरळ, आणि बॉनेट उघडलं की माणूस आत उभा राहील एवढी मोकळी जागा. शिकाऊ हाताला यापेक्षा चांगला गुरू मिळणं कठीण. 1955 मध्ये शेव्हरोलेटने कॅमिओ कॅरिअर काढून हौद्याच्या बाहेरच्या बाजू फायबरग्लासच्या, केबिनशी सपाट जुळणाऱ्या केल्या. कारसारखा देखणा पिकअप कंपनीने विकावा, ही तेव्हा नवलाची गोष्ट होती. फोर्डने 1957 मध्ये आणि शेव्हरोलेटने 1958 मध्ये तोच सपाट हौदा पोलादात आणला. 1955 मध्येच शेव्हरोलेटचं छोटं व्ही-8 इंजिनही आलं. आटोपशीर आणि स्वस्त असलेल्या या इंजिनाचे सुटे भाग कुठेही मिळत. फोर्डच्या ट्रकांतसुद्धा लोकांनी ते घातलं. इंजिनांच्या या घराण्यातलं दहा कोटीवं इंजिन 2011 मध्ये बनलं.

मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात वेगळी वाट धरली. त्यांना वेग नको होता. गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली आणि सावकाश चालावी, सगळ्यांनी बघावी, ही त्यांची हौस. चाकाच्या कडेपेक्षा गाडी खाली नसावी असा कायदा कॅलिफोर्नियात 1958 मध्ये लागू झाला. पुढच्याच वर्षी रॉन अगिरे याने विमानांच्या भंगारातले हायड्रॉलिक पंप आपल्या कॉर्व्हेटमध्ये बसवले: पोलीस दिसला की बटण दाबायचं, गाडी वर. हा कायदा रद्द व्हायला 2023 साल उजाडलं. 1947 नंतरच्या त्या गोल शेव्हरोलेट ट्रकांना या मंडळींत आजही मोठा मान आहे.

बाकी समाजात मात्र जुना पिकअप बराच काळ भंगारात जमा होता. 1972 मध्ये अमेरिकन टीव्हीवर ‘सॅनफर्ड अँड सन’ ही मालिका सुरू झाली. त्यात भंगारवाल्या बापलेकांकडे 1951 चा फोर्ड एफ-1 आहे. प्रेक्षकांना काही वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. याच दशकात आणखी एक गंमत घडली. 1964 पासून परदेशी हलक्या ट्रकांवर 25 टक्के आयातकर होता, पण नुसत्या केबिन-चेसीवर 4 टक्केच. म्हणून जपानहून शेव्हरोलेट लव्ह आणि फोर्ड कुरिअर बिनहौद्याचे येत आणि अमेरिकेत उतरल्यावर त्यांना हौदा बसवला जाई. 1980 मध्ये ही पळवाट बुजवली गेली. 1917 च्या शेतकऱ्याने जे केलं तेच कंपन्यांनी कर वाचवण्यासाठी केलं.

आता घरच्या कामाकडे वळू. साठ-सत्तर वर्षांच्या पिकअपमध्ये गंज आधी धरतो केबिनच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना. चाकांनी उडवलेली माती आत साचते, पाणी निघायचं भोक बुजतं आणि पत्रा आतून सडतो. बाहेरून रंगाला बारीक फोड दिसतात. स्क्रू-ड्रायव्हर टोचला की तो आरपार जातो. इथे घाई करणाऱ्याचं नुकसान ठरलेलं. कापण्याआधी केबिनला आतून आडवे-तिरपे लोखंडी टेकू वेल्ड करायचे, दरवाजे जागेवरच ठेवायचे आणि प्रत्येक कापानंतर दरवाजाभोवतीची फट पाहायची. फट हलली की केबिन वाकली. सडका पत्रा चांगलं लोखंड लागेपर्यंत कापायचा, भले ठिगळ ठरवल्यापेक्षा दुप्पट होवो. नवा पत्रा जुन्याशी कड-ते-कड लावायचा, आणि वेल्डिंगची सलग रेघ कधीच ओढायची नाही: इथे एक टाका, मग लांब त्या टोकाला एक, हात लावता येईल इतकं थंड होऊ द्यायचं, मग मधोमध एक. सलग उष्णता दिली की पत्रा लाटांसारखा उठतो आणि नंतर कितीही ठोका, सरळ होत नाही. एका कोपऱ्याला सहज शनिवार-रविवार जातो.

पत्रा जमला की लांबी. पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत खड्डे शिसं आणि कथलाच्या मिश्रणाने भरत. तापवून, लाकडी थापीने पसरून. नंतर पॉलिस्टरची लांबी आली, काम सोपं झालं आणि आळसही वाढला. जुना ट्रक घासताना बोटभर जाडीची लांबी निघते, खाली ठोक्यांचे खड्डे आणि भोकांवर ताणलेली जाळी. लांबीचा थर दोन-तीन मिलिमीटरच्या वर जाऊ देऊ नये. जास्त लागत असेल तर पत्र्याचं काम अपुरं राहिलंय. आणि घासताना मास्क हवाच, कारण जुन्या रंगातही शिसं असतं आणि घर मुलाबाळांचं असतं.

इथून पुढे मंडळी दोन पंथांत विभागतात. एक पंथ कारखान्यातून आला तसा ट्रक करणाऱ्यांचा: 1947 च्या शेव्हरोलेटचा मूळ गर्द हिरवा रंग, 6 व्होल्टची वायरिंग, प्रत्येक बोल्ट त्या सालचा. दुसरा पंथ बदल करणाऱ्यांचा. मला पहिल्या पंथाबद्दल आदर आहे, पण मी दुसऱ्या पंथाचा आहे, आणि त्याचं कारण सजावटीपेक्षा ब्रेकमध्ये आहे. त्या काळच्या ट्रकांत ब्रेकच्या तेलाचा एकच मार्ग असे: एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक गेले. दुहेरी मास्टर सिलिंडर लावला की निम्मे तरी हाती राहतात. पुढचा अखंड दांड्याचा ॲक्सल शेतरस्त्याला ठीक. हायवेच्या वेगात ट्रक रस्ताभर भटकतो. म्हणून लोक 1974 ते 1978 च्या छोट्या मस्टँगच्या धर्तीची पुढची जोडणी आणि तिचं रॅक-पिनियन स्टेअरिंग चेसीला वेल्ड करतात. शेव्हरोलेटची पेट्रोलची टाकी तर 1972 पर्यंत सीटच्या मागे, केबिनच्या आतच होती. ती काढून हौद्याखाली नेणं, हा मी सगळ्यांत शहाणपणाचा बदल समजतो. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निर्णय यामुळे नोंदणीतला तपशील बदलेल असा फेरफार मालकाला मनाप्रमाणे करता येत नाही. त्यामुळे आपल्याकडचा हौशी माणूस बहुतेक पहिल्याच पंथात राहतो.

सगळं झाल्यावर उरतो हौदा. शेव्हरोलेटच्या हौद्याचा तळ लाकडी असे: साध्या पाइनच्या फळ्या, त्यांच्या सांध्यांवर लोखंडी पट्ट्या, वरून गोल डोक्याचे बोल्ट. आताचे हौशी लोक तिथे ओकच्या फळ्या घालतात, पॉलिशचे थरावर थर चढवतात आणि आरशासारख्या त्या तळावर पुन्हा कधी पोतं टाकत नाहीत. कारागिरी अप्रतिम असते, तरी माझं मन तिथे अडतं. शेतकऱ्याने डिकीचे बोल्ट सोडले होते ते ओझं वाहण्यासाठी. म्हणून तळाला पाइनच घालावं, साधा रंग द्यावा आणि वाळू, सरपण, सायकली, शेजाऱ्याचं कपाट, जे येईल ते बिनदिक्कत चढवावं. एखादी फळी झिजली की दोन पट्ट्यांचे बोल्ट ढिले करून तेवढीच फळी बदलता येते. तळ मुळात तसाच बांधलेला आहे.